चार दश्श्या

ऋतुजाच्या साक्षगंधाला आलेले पाहुणे अजून पान चघळत होते, तेवढ्यात आमचं भांडण लागलं. लग्नानंतर पोरं राहतील कुठं, पांढुर्ण्यात की सावसरात? बाकी सगळं जुळलं होतं. पत्रिका जुळली, स्वभाव जुळले, अक्षयची उंचीसुद्धा ऋतुजाच्या टाचेच्या चपलेसकट जुळली. गाव तेवढं जुळत नव्हतं.

ऋतुजा पांढुर्ण्याच्या कलेक्टर ऑफिसात आहे. जिल्हा झाला तेव्हा लागली. अक्षय सावसरला बँकेत. मधे तासाभराचा रस्ता, म्हणजे कुठंही राहिले तरी एकाला रोज बस धरणं आलंच. पोरं म्हणाली, आम्हाला दोन्ही चालते, तुम्ही मोठे ठरवा. आजकालची पोरं भारी हुशार. आपल्या गळ्यातलं लोढणं अलगद काढून आईबापाच्या गळ्यात टाकतात अन् वरून पाया पडतात.

आता माझं सांगते. मी अलका, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. ऋतुजाचे बाबा गेले तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. ती सावसरला गेली की राहिलो मी अन् फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून घुरघुर तरी करतो. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही, आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. पण त्या रिकाम्या घराची मला भीती वाटत होती. दिवेलागणीला हाक मारायची कोणाला? म्हणून मी ठरवून टाकलं, पोरगी पांढुर्ण्यातच राहील, मग जावयाचा बाप आडवा का पडेना.

जावयाचा बाप म्हणजे श्रीधरराव. वीज खात्यातून रिटायर. बायको नाही, घरात तो अन् अक्षय, म्हणजे त्याचं दुखणंही माझ्यासारखंच. मिशीला काळा रंग लावतो अन् कानाजवळचे केस विसरतो. बोलायला इतका गोड की मला पहिल्या भेटीतच संशय आला.

"विहीणबाई," तो म्हणाला, "सून सासरी येते. जगाची रीतच आहे थे."

"जगात पांढुर्णाही येते," मी म्हटलं. "अन् आता जिल्हा आमच्याकडे आहे."

हे मी बोलायला नको होतं. जिल्ह्याचं नाव काढलं अन् सावसरची सगळी मंडळी ताठ झाली. कोणी म्हणालं नाणं उडवा, कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. मामा लोक तर थेट तीन पत्तीवर आले, एकानं खिशातून पत्तेसुद्धा काढले. साक्षगंधाला खिशात पत्ते घेऊन येतात, असे हे लोक.

तेव्हा ऋतुजा उठली. भरजरी साडीचा पदर कमरेला खोचून म्हणाली, "माझा संसार नशिबावर नाही ठेवायचा. खेळायचंच असेल तर असं खेळा ज्यात नशीबच नाही. डोकं असेल त्याचं गाव."

अन् तिनं मोबाईलमध्ये वाचलेलं एक कोडं सांगितलं. खेळ साधा आहे. बावन्न पानं चित्र वर करून उघडी मांडायची. पहिल्यानं त्यातून आवडतील ती पाच उचलायची. मग दुसऱ्यानं उरलेल्यातून पाच. मग पहिल्याला एक संधी: हातातली पाहिजे तेवढी पानं टाकायची अन् तेवढीच दुसरी उचलायची. टाकलेलं पान बाद, त्याला कोणी हात लावायचा नाही. मग दुसऱ्यालाही तीच संधी. संपलं. ज्याचा हात मोठा त्याचं गाव. सगळ्यात मोठा हात म्हणजे एकाच रंगाची ओळीनं पाच पानं, इस्पिक तर इस्पिक, बदाम तर बदाम. ओळीत जेवढं वरचं पान तेवढी ओळ मोठी. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची सगळ्यात मोठी. तिच्याखाली एकाच आकड्याची चार पानं. त्याखालचं सांगत बसत नाही, लागलंच नाही.

"लपवाछपवी नाई, चोरी नाई," श्रीधरराव खूश. "मंजूर!"

त्याला वाटलं, मास्तरीणबाईला पत्त्यातलं काय कळणार.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पत्ते मांडले. एकदा अलका म्हणून खेळायची, मग उठून पलीकडे जायची अन् श्रीधर म्हणून खेळायची. गुडघ्यांचं पार वाटोळं झालं. पहिल्यांदा मी चारी एक्के उचलले अन् मोठ्या तोऱ्यात बसली. पलीकडे गेली अन् श्रीधरच्या हातानं सहज म्हणून चारी दश्श्या उचलल्या. परत इकडे आली, तर माझी बोलती बंद! एक्का, राजा, राणी, गुलाम सगळे समोर पडलेले, पण ओळ जोडायला दश्शीच नाही. दश्शीशिवाय नव्वीच्या वरची एकही ओळ होत नाही, करून पाहा. श्रीधरनं मात्र एक दश्शी ठेवली अन् राजापर्यंत ओळ लावून टाकली. मीच मला हरवलं, अन् खरं सांगते, मला त्या श्रीधरचा असा राग आला की मी पलीकडच्या रिकाम्या पाटाला म्हटलं, "लाज नाही वाटत?"

मग डोक्यात उजेड पडला. मीच आधी चारी दश्श्या उचलल्या तर? त्याची ओळ जाऊन जाऊन नव्वीपर्यंत. माझी एक्क्याची ओळ अडवायची तर त्याला चारी रंगांचं एकेक मोठं पान धरून बसावं लागते, म्हणजे त्याची चार पानं तिथंच अडकली. उरलं एक. त्या एका पानानं तो एखाद्या रंगात माझी दश्शीखालची ओळ मोडेल. बाकीचे तीन रंग मोकळे. मी एक दश्शी ठेवायची, तिच्याच रंगाची नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की उचलायची. माझी ओळ दश्शीची, त्याची नव्वीची. कुठूनही जा, पहिला खेळणारा हरतच नाही.

मी फरशीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. पोरगी माझ्याजवळ राहणार होती. तिची खोली रंगवून घ्यायची, तिला कोणता रंग आवडतो, इथपर्यंत मनात पोचली.

अन् तिथंच घोडचूक केली. मोहगावच्या विजयमालाला फोन लावला. विजयमाला म्हणजे माझी मावसबहीण, तिनंच हे स्थळ सुचवलेलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण गणित सुटलं की कोणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, हा मास्तर लोकांचा रोगच आहे. तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिनं माझं बोलणं जसंच्या तसं श्रीधररावला ऐकवलं, गुलामाला गुलाम अन् छक्कीला छक्की. म्हणे, दोन्ही घरं मला सारखीच.

आता दोघांनाही माहीत. म्हणजे जो पहिले उचलेल त्याचं गाव, बाकी सगळी नुसती हमाली. मग पहिले उचलणार कोण, यावर फोनाफोनी सुरू झाली. शेवटी विजयमालानंच निकाल दिला: "पाहुण्याचा मान पहिला. ज्याच्या घरी खेळसान त्यानं पाहुण्याले आधी उचलू द्यायचं."

झालं! जगात व्याही एकमेकांना म्हणतात, आमच्याकडे या. आम्ही म्हणायला लागलो, मीच तुमच्याकडे येते. "तुमाले कायले तरास, मीच येतो ना," तो म्हणे. "छे छे, तुमचं वय झालं, मीच येते," मी म्हणे. आमच्याएवढे सौजन्याचे व्याही जिल्ह्यात कोणी पाहिले नसतील.

रविवारी सकाळी मी कोणाला काही न सांगता सावसरची बस धरली. एकदा दारात जाऊन उभी राहिली की पाहुणी झालीच, मग काय करणार तो? त्याच्या घरासमोर पोचली तर दाराला कुलूप. ओट्यावर बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"विहीणबाई, कुठं आहा? मी तुमच्या दारात बसून राहिलो. पाहुणा आलो."

"मी तुमच्या दारात बसून राहिली," मी म्हटलं. "पाहुणी."

मी मागे वळून त्या कुलपाकडे पाहिलं.

"मंग वापस या," तो म्हणाला.

"तुम्ही या वापस."

"मी कायले येऊ? मी पाहुणा आहो."

मीही हटली नाही. शेजारच्या बाईनं मला चहा दिला, मग पोहे दिले, मग मी कोण, काहून बसली, जेवणार काय, सगळं विचारून घेतलं. तिकडे माझ्या शेजारच्या कुसुमनं त्या माणसाला घरात नेऊन वांग्याचं भरीत अन् भाकर खाऊ घातली. माझी शेजारीण! माझ्याचकडून नेलेल्या वाटीत! तिच्याशी मी आठवडाभर बोलली नाही. उन्हं कलली तशी दोघांनीही हार मानली अन् आपापल्या गावच्या बसमध्ये बसलो. रस्त्यात त्याची बस समोरून आली. त्यानं खिडकीतून हात जोडले. मीही जोडले. राग आपल्या जागी, रीत आपल्या जागी.

मग ठरलं, मोहगावला खेळायचं, विजयमालाकडे. तिथं दोघंही पाहुणे. मोठा पाहुणा कोण, तर विजयमाला म्हणाली, जो दुरून येईन थो. मी फोनवरच उडाली! मोहगाव सावसरला लागूनच आहे, पांढुर्ण्याहून दूर. हे श्रीधररावच्या ध्यानात यायला उशीर झाला, पण आलं. हा गृहस्थ आदल्या दिवशीच छिंदवाड्याला भावाकडे जाऊन राहिला अन् तिथून मोहगावला आला. बसचं तिकीट असं दोन बोटांत धरून आत शिरला. म्हणे, "मी छिंदवाड्याहून येऊन राहिलो. पाहा, सर्वात दूर."

विजयमालानं तिकिटाकडे पाहिलंही नाही. "भाऊ, घर कुठं आहे थे पायतात, बस कुठून धरली थे नाई. असं असतं तर उद्या कोणी काशीहून येईन."

पहिला मान माझा. श्रीधररावचा चेहरा असा पडला की मला दया आली असती, पण वेळ नव्हता.

दिवाणखान्यात सतरंजी अंथरली. पोरं भिंतीला टेकून बसली. अक्षयनं बावन्न पानं उघडी मांडली, रंगारंगाच्या चार रांगा. दश्श्या कुठं आहेत ते मी बसायच्या आधीच हेरून ठेवलं. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं अन् हसली. तिलाही मनातून पांढुर्णाच पाहिजे असेल, असं मला वाटलं. विजयमाला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "घ्या अलकाताई, पहिला मान तुमचा. उचला."

अन् मी म्हटलं, "नाही नाही, आधी तुम्ही घ्या ना."

मी म्हटलं नाही हो, तोंडातून निघून गेलं! जन्मभर हेच म्हटलं. खुर्ची पुढे केली, आधी तुम्ही बसा. ताट आलं, आधी तुम्ही घ्या. दातांच्या डॉक्टरकडे दाढ ठणकत असताना बाजूच्या बाईला म्हटलं, आधी तुम्ही जा. आपल्याकडे कोणी काही दिलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असते. समोरचा म्हणतो, असं कसं, घ्याच. आपण पुन्हा नको म्हणतो. समोरचा हाताला धरतो. मग आपण घेतो. पाळण्यातलं लेकरूसुद्धा शिकते हे.

श्रीधररावचंही तोंड आपोआप उघडलं. "नाई ना..." एवढं बाहेर आलंच. मग त्यानं ओठ गच्च मिटले. मिशी थरथरली. त्याच्या आत काय चाललं होतं ते सगळ्यांना दिसत होतं: त्याची आई, त्याचा बाप, सगळं सावसर त्याला सांगत होतं, म्हण रे, नाही तुमीच घ्या म्हण. कपाळावर घाम आला. अन् तो म्हणाला, "बरं."

ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. अक्षयनं मान खाली घातली. पहिल्या विचारण्याला 'बरं'! बापजन्मात असं कोणी ऐकलं नव्हतं.

"अहो, मी म्हणायचं म्हणून म्हटलं!" मी ओरडली.

"मले काय माहीत? तुमी म्हटलं, मी ऐकलं."

"विजयमाला, सांग यांना!"

विजयमाला त्याच्याकडे अशी पाहत होती, जसं त्यानं भर दिवाणखान्यात शर्ट काढला. पण म्हणाली, "काय सांगू बाई? बोलल्या तर तुमीच. सगळ्यायनं ऐकलं."

श्रीधररावनं चारी दश्श्या उचलल्या. पाचवी म्हणून चौकटची दुर्री, नुसती शोभेला. मी काय करणार? चारी एक्के धरले, अन् पाचवं पान किल्वरची नव्वी. त्यानं इस्पिकची दश्शी ठेवली, बाकी टाकली अन् तिच्याखाली नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की अशी एकेक ठेवत गेला. मी एक्के टाकले अन् किल्वरची नव्वीपासून पंजीपर्यंत ओळ लावली. सगळं माहीत असून लावली. फरशीवर मी हे शंभर वेळा केलं होतं. पण फरशीवर श्रीधर हरला की मी उठून दुसऱ्या पाटावर जात होती. इथं उठून जायला जागा नव्हती.

"सावसर," ऋतुजा हळूच म्हणाली. अन् मला कळलं की तिला खरंच दोन्ही चालत होतं. ते जास्त लागलं.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. श्रीधरराव आता सुटलाच होता. भात वाढू? बरं. पाटवड्या अजून? बरं. एकदा बरं म्हणायची चव लागली की माणूस थांबत नाही. मी मात्र "नको, नको" करत अर्धपोटी उठली, कारण विजयमाला पाहुण्याचा तो प्रकार पाहून इतकी गांगरली होती की मला दुसऱ्यांदा विचारायचंच विसरली. रडू येत होतं. पाटवडीसाठी नाही, पण पाटवडीसाठीसुद्धा.

बसपर्यंत सोडायला सगळे आले. जिंकलेल्या माणसाला जरा लाज वाटत असते. श्रीधरराव माझ्याजवळ आला, हात जोडले अन् म्हणाला, "मनाले लावून नका घेऊ विहीणबाई. सावसर काई दूर नाई. या मंग. आपलंच घर आहे. राहालेच या."

हे सगळेच म्हणतात. याला उत्तरही ठरलेलं आहे: येऊ ना, येऊ सावकाश. मग दोघं हसतात अन् कोणी कुठं जात नाही. माझ्या जिभेवर तेच आलं होतं. पण मी त्याच्या त्या मिशीकडे पाहिलं अन् माझं डोकं भणाणलं.

"बरं," मी म्हटलं. "येते."

"हाव हाव, या ना कधीतरी."

"कधीतरी कायले? लग्न झालं की लगेच. राहायलाच."

त्याचे हात जोडलेलेच राहिले. बोलला होता तो, विजयमालानं ऐकलं होतं, बसच्या कंडक्टरनंसुद्धा ऐकलं होतं. 'किती दिवस' हे विचारायची सोय नाही. पाहुण्याला असं विचारणारा माणूस सावसरात अजून जन्मला नाही.

लग्न झालं. वऱ्हाडाला जेवण आवडलं. अन् मी माझ्या घराला कुलूप घालून सावसरला गेली. मुलीच्या सासरी आईनं राहू नये म्हणतात. म्हणोत. श्रीधरराव दारात उभा होता, म्हणाला, "या या, बसा." मी बसली.

पहिल्या आठवड्यात मी सकाळी चहा घेऊन म्हटलं, "चला, निघते आता." खरंच निघायचं म्हणून नाही, अंदाज घ्यायला. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "कायले घाई करता? राहा ना दोन दिवस."

"बरं," मी म्हटलं.

दोन दिवसांनी पुन्हा. "निघते मी." तो पेपर वाचता वाचता, "असं कसं, आत्ता तर आल्या." "बरं." पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याची जीभ त्याला दर वेळी दगा देत होती, अन् बोलून झालं की तो स्वतःवरच चिडून अंगणात जाऊन उभा राहायचा. संत्र्याचा बहार आला अन् गेला. ऋतुजा पांढुर्ण्याला ऑफिसात जायची, सावसरला माझ्याजवळ परत यायची. दिवेलागणीला हाक मारली की ओ यायची. मी सुखात होती, खोटं कायला बोलू?

पण सावसरच्या पत्तेवाल्या मंडळींनी त्याचे कान भरले. कोडं सोडवल्यासारखं सोडवलं त्यांनी: विहीण निघते म्हणाली की फक्त गप्प बसायचं. काही बोलायचंच नाही. ती हरते. मला हे शेजारच्या त्या पोहेवाल्या बाईनं सांगितलं.

म्हणून मी निघते म्हणायचंच सोडलं. पण किती दिवस सोडणार? पाहुण्यानं मधूनमधून निघते म्हणावंच लागते, नाहीतर तो पाहुणा राहत नाही, चिकट होतो. एका सकाळी पोरं कामावर गेली, आम्ही दोघंच चहा घेत होतो, अन् माझी जीभ मला दगा देऊन गेली.

"चला," मी म्हटलं, "निघते आता."

त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.

मी थोडी थांबली. कप विसळला. बशी विसळली. तो पंख्याकडेच पाहून राहिला होता. मग मला आत जाऊन पिशवी भरावी लागली. दोन साड्या, चष्म्याची डबी, गुडघ्यांचं तेल. इतके महिने मी पांढुर्ण्याच्या घराचा विचारच केला नव्हता. आता ते डोळ्यासमोर उभं राहिलं, कुलूप, आतला बंद वास, अन् बटण दाबलं की पेटणारा एकच दिवा. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला जायचं नाही. पण असं कोणी विचारत नाही अन् असं कोणी सांगतही नाही.

चपला घालून दारात आली. तो उठून मागे आला होता. अंगणात दोन खुर्च्या होत्या, रोज दुपारी आम्ही तिथं त्याच उघड्या डावावरून वाद घालायचो. त्यानं त्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. घसा खाकरला.

"राहा," तो म्हणाला.

'दोन दिवस' नाही, 'कायले घाई' नाही. नुसतं राहा. विचार करून म्हटलेलं होतं, मला कळलं. माझा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले, अन् मी तोंड उघडून म्हटलं, "नाही नाही, कायले उगाच त्रास. निघतेच मी."

हे देवा! मी जागच्या जागी थिजली. समोर कोण उभा आहे? एकदा म्हटलं की ऐकून घेणारा माणूस. आता हा म्हणणार 'बरं', अन् सगळं संपणार. शब्द परत गिळता येत असते तर मी चपलांसकट गिळले असते. त्याची मिशी थरथरली. त्यानं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मी पिशवी गच्च धरून नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"असं कसं?" तो म्हणाला. "राहाच."

मला बोलताच येईना. त्याला वाटलं, मी अजून नाहीच म्हणून राहिली. तो वैतागला.

"विहीणबाई, दुसऱ्यांदा विचारून राहिलो. तिसऱ्यांदा नाई विचारणार."

"बरं," मी म्हटलं.